मागच्या सीटचा नारळ

दहिसरच्या चाळीत जयवंत परबाला सगळे खुळा म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, थोडा होताच. स्टेशन घराजवळ, लोकल गाडीने अंधेरी कितीतरी लवकर येते. पण हा गडी रोज सकाळी डबा खांद्याला लावून उलट्या दिशेला चेकनाक्यापर्यंत तंगडतोड करायचा आणि तिथून सुटणारी अंधेरीची बस पकडायचा. ती बस हायवेवरच्या प्रत्येक थांब्याला मान देत, मध्येच कुठे दुधाच्या टेम्पोमागे अडकत, रमतगमत जायची. शेजारी म्हणायचे, "अरे, गाडीने जा की! तेवढ्या वेळात माणूस कामाला लागून चहासुद्धा पिऊन झालेला असतो." जयवंत हसायचा. "बसायला मिळतं ना," म्हणायचा.

बसायला मिळायचं हे खरं होतं, पण ते अर्धंच कारण झालं. उरलेलं अर्धं कारण मागाठाण्याच्या स्टॉपवर चढायचं आणि त्याचं नाव क्षमा.

आता गैरसमज नको. दोघांत काही 'तसलं' नव्हतं. जयवंतला 'तसलं' काही करायला जन्म कमी पडला असता. चेकनाक्याला बस रिकामी असायची, तो डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायचा आणि शेजारच्या जागेवर डब्याची पिशवी ठेवायचा. रावळपाड्याला कोणी विचारलं, नॅशनल पार्कच्या गेटाशी कोणी डोळे वटारले, तरी ठाम सांगायचा, "येतंय माणूस." एरवी मान वर न करणारा हा पोरगा त्या एका जागेसाठी भांडायला तयार असायचा. मागाठाणं आलं की पिशवी मांडीवर, क्षमा शेजारी. "थँक्यू हं," ती म्हणायची. "त्यात काय," हा म्हणायचा. बास! मग अंधेरीपर्यंत कधी बोलणं व्हायचं, कधी नाही.

क्षमा बी.ए. झालेली, बोरीवलीच्या सोसायटीत राहणारी, एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या ऑफिसात टायपिंग करायची. आधी ती गाडीने जायची. एकदा गाड्या बंद पडल्या म्हणून हायवेवर येऊन बसमध्ये चढली, आणि जयवंतने उठून तिला जागा दिली. दुसऱ्या दिवशी गाड्या सुरळीत झाल्या, तरी ती पुन्हा बसलाच हजर. "गाडीत मला गुदमरल्यासारखं होतं," तिने सांगितलं. जयवंतला ते इतकं पटलं की त्याने तिच्यासाठी कायमची खिडकी सोडायची तयारी दाखवली. ती म्हणाली, "नको, मला आतलीच बरी."

आणि बसमध्ये काय नुसती क्षमाच होती? अख्खं गणगोत होतं. शेवटच्या बाकावर भीमराज, एका कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमधला, मोठ्या घशाचा. दसऱ्याला बसच्या पुढच्या काचेला झेंडूचा हार घालायचा तो भीमराजनेच, कोजागरीला केटलीतून मसाला दूध आणायचं तेही त्यानेच. जयवंत त्यांच्यात बोलायचा कमी, पण त्याचं नाव घेऊन हाक मारणारी माणसं जगात होती ती तेवढीच. कारखान्यात तो स्टोअरला होता. पंपांचे सुटे भाग, लोखंडी रॅक आणि एक जाळीची खिडकी. त्या खिडकीतून हात आत यायचे, चेहरे क्वचितच. घरी आई. बाबा मिलमध्ये होते, संपाने घरी बसले, ते बसले ते बसलेच. दोन पावसाळे दाराशी स्टुलावर काढले आणि तिसऱ्यात गेले. तेव्हापासून खोलीत दोघं. आई वाढायची, हा जेवायचा, रेडिओ बोलायचा. एकटा होता हो पोरगा! आईसुद्धा एकटी होती, पण दोन एकटी माणसं एका खोलीत राहिली म्हणून सोबत होतेच असं नाही.

एका सोमवारी क्षमा बसमध्ये चढली ती गप्पच. आरेचा नाका आल्यावर म्हणाली, "काल पुन्हा पोहे केले आमच्याकडे."

"पाहुणे आले होते?" जयवंतने विचारलं. काय हा प्रश्न!

"पाहुणेच म्हणायचे. मुलगा, त्याचे आईवडील, मावशी. मी नाही म्हणून सांगितलं. बाबा चिडलेत. म्हणतात, तुझं नक्की काय आहे ते तरी कळू दे."

जयवंत खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, गोठ्यांकडे जाणारी गवताची गाडी होती. त्याच्या छातीत काहीतरी हललं, तोंडापर्यंत आलं आणि तिथेच बसलं. मग अंधेरी आली.

पण त्या दिवशी त्याने मनाशी एक गोष्ट पक्की केली. त्याच्या नावावर स्कूटर बुक होती. बाबांनी संपाच्या कितीतरी आधी, जयवंत नोकरीला लागला त्याच आठवड्यात, बुक करून ठेवली होती. त्या काळी स्कूटर दुकानातून उठून आणायची वस्तू नव्हती. नाव लावायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. बुक करणाऱ्याचं लग्न व्हायचं, पोरं शाळेत जायची, मग नंबर लागायचा. बाबा स्टुलावर बसून म्हणायचे, "स्कूटर इली की मी मागे बसतलंय आणि तू माका गिरगाव दाखव." त्यांना काही ते जमलं नाही. जयवंतने ठरवलं, स्कूटर आली की क्षमाला विचारायचं. लग्नाचं नव्हे, एवढी छाती कुठून आणायची! नुसतं विचारायचं, "मी रोज इथूनच जातो, सोडू का?" मागे बसली म्हणजे पुढचं सगळं न बोलता होईल, असा त्याचा हिशेब. बोलायचं टाळायला या माणसाला सबंध स्कूटर लागत होती.

आणि पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर नंबर लागला! चाळीत आनंदीआनंद झाला. करड्या रंगाची स्कूटर दारात उभी राहिली, पोरं आरशात तोंडं बघून गेली, बायकांनी चाकाखाली लिंबू ठेवलं. आईने हळदकुंकू वाहिलं आणि मागे सरकून उभी राहिली.

"आये, बस ना मागे. नाक्यापर्यंत एक चक्कर मारू," जयवंत म्हणाला.

"माका नको," आई म्हणाली. "माझ्यासारखीन पयली बसू नये. आणि आयक, तुझो बापूस काय म्हणालेलो? स्कूटर येतली तेव्हा पयलो नारळ गावच्या देवीक. तिका गाऱ्हाणा घातल्याबिगर मागे कोणाक बसवचा नाय. शिमग्याक जातलंव तेव्हा नारळ देवया. तोपर्यंत तू एकटोच चालव."

जयवंतने मान डोलावली. बाबांचा शब्द होता, मोडायचा कसा? शिमगा तर फाल्गुनात. मधे रजा मिळण्यासारखी नव्हती, दिवाळीची कधीच संपली होती. आणि मनातल्या मनात त्याला हायसंही वाटलं, कारण क्षमाला विचारायचं काम आपोआप पुढे गेलं. शिमग्यानंतर विचारू, रीतसर, देवीच्या परवानगीने. अरे, देवीला विचारायची सोय असती तर तीच म्हणाली असती, गाढवा, आधी त्या पोरीला बसव, नारळ काय पळून जातोय!

बसमधला शेवटचा दिवस त्याने पेढे वाटून साजरा केला. तिथेच चुकलं त्याचं. गुपचूप स्कूटर आणली असती तर गुपचूप बसला परत येता आलं असतं. पण भीमराजने समारंभच मांडला. चालत्या बसमध्ये उभा राहून भाषण ठोकलं, "आपले जयवंतराव आजपासून मालक झाले! आपण बसची माणसं, आपल्याला विसरू नका यार!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कंडक्टरने घंटी दोनदा जास्त मारली. मग भीमराजने कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. स्कूटरची सीट कव्हरं होती, मरून रेक्झिनची, पांढरी शिवण घातलेली. एक पुढच्या सीटचं, एक मागच्या.

"सगळ्यांनी मिळून दिलीत. रंग क्षमाने निवडला," भीमराज म्हणाला.

क्षमाने मागचं कव्हर हातात घेऊन शिवणीवरून बोट फिरवलं. "चांगलं जाड आहे. टिकेल," ती म्हणाली आणि जयवंतकडे बघितलं. जयवंत पेढ्यांचा रिकामा खोका घडी करत होता.

दुसऱ्या दिवसापासून तो स्कूटरवाला झाला. आणि दुसऱ्याच दिवशी त्याला कळलं की आपण काय करून बसलो. हायवेवर वारा होता, वेग होता, आणि बोलायला काळं कुत्रं नव्हतं. कारखान्याचं गेट उघडायच्या आधी तो पोचला आणि बंद गेटासमोर उभा राहिला. वॉचमन म्हणाला, "आज इतक्या लवकर?"

मग त्याने जे केलं ते ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल. तो बसच्या मागे जायला लागला. सकाळी चेकनाक्याला जाऊन उभा राहायचा, बस सुटली की मागोमाग. बस थांबली की हा थांबायचा, एक पाय रस्त्यावर टेकवून. बस निघाली की हा निघायचा. तिचा सगळा धूर नाकातोंडात. भीमराज मागच्या काचेतून हातवारे करायचा, खिडकीतून मुंडकं काढून ओरडायचा, "अरे ओव्हरटेक कर की! वरातीत आहेस काय?"

"रनिंग चालू आहे! नवं इंजिन, हळूच चालवायचं असतं!" जयवंत खालून ओरडायचा. आणि ते खोटं नव्हतं. नवी स्कूटर सुरुवातीला दामटायची नसते, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मागाठाण्याला क्षमा उभी असायची. बस थांबायची, बसच्या मागे स्कूटर थांबायची. क्षमा चढायच्या आधी मागे बघायची, हसायची. हा हात वर करायचा. तिच्यासाठी आता कोणी जागा धरत नव्हतं, बरेचदा ती उभ्याने जायची. मागच्या काचेतून तिचा दांडी धरलेला हात त्याला दिसायचा. तिचं स्टॉपवर उभं असणं, तिचं मागे बघणं, एवढ्यावर त्याचा दिवस जायचा. संध्याकाळी खोलीत आल्यावर आई विचारायची, "आज काय झाला?" हा म्हणायचा, "काही नाही." आणि त्याला वाटायचं की पुष्कळ काही झालंय.

एकदा बस यायला उशीर होता. कुठेतरी टायर गेला म्हणे. जयवंत वाट बघून बघून हळूहळू मागाठाण्यापर्यंत आला, तर स्टॉपवर क्षमा एकटीच. तिने पर्स खांद्यावर सावरली आणि दोन पावलं पुढे आली.

"कव्हर छान बसलंय," ती म्हणाली.

"हो."

"मागचं अगदी नवंच दिसतंय. कोणी बसलं नाही अजून?"

"नाही."

"का?"

आता बघा, देवीने समोर आणून ठेवलेला क्षण! एवढंच सांगायचं होतं, बाबा असं म्हणाले होते, शिमग्यात नारळ देईन, मग पहिल्या तुम्हीच बसा. पण जयवंतला लाज वाटली. ती बी.ए. झालेली, सोसायटीत राहणारी. नारळ आणि गाऱ्हाणं ऐकून हसेल, म्हणेल काय गावठी माणूस आहे. तो ब्रेकच्या तारेशी चाळा करत म्हणाला, "रनिंग चालू आहे ना. डबल सीट चालत नाही."

"अस्सं," क्षमा म्हणाली. ती दोन पावलं मागे गेली. मागून बस आली, ती चढली. त्या दिवशी काचेतून तिचा हात दिसला, पण तिने मागे बघितलं नाही.

संक्रांत झाली. जयवंतने खिशात तिळगुळाची पुडी ठेवली होती, मागाठाण्याला द्यायची म्हणून. स्टॉपवर क्षमा नव्हती. दुसऱ्या दिवशी नव्हती, तिसऱ्या दिवशी नव्हती. आजारी असेल, त्याला वाटलं. पुडी खिशातच मऊ झाली. शेवटी आरेच्या नाक्याला बस सिग्नलला उभी असताना त्याने खिडकीपाशी स्कूटर नेली आणि भीमराजला विचारलं.

"क्षमा? ती आता गाडीने जाते," भीमराज म्हणाला. "पास काढला तिने. तुला नाही सांगितलं?"

"पण तिला तर गाडीत गुदमरतं."

भीमराजने त्याच्याकडे असं बघितलं की जणू जयवंतनेच काहीतरी विचित्र सांगितलंय. मग सिग्नल सुटला, बस निघाली. जयवंत तिथेच थांबला आणि मागून ट्रकवाल्याने त्याला ठेवणीतल्या शिव्या घातल्या.

तरीही हा बाबा काही केल्या हलला नाही. तिचं ऑफिस माहीत होतं, सुटण्याची वेळ माहीत होती. जायचं, भेटायचं, सांगायचं, पण नाही. अजून देवीला नारळ दिला नव्हता. रिकाम्या सीटनिशी जाऊन बोलायचं काय? शिमगा झाला की जाऊ, मग हक्काने म्हणता येईल, चला. तोवर तो बसच्या मागे जात राहिला. आता बसमध्ये क्षमा नव्हती, मागाठाण्याला कोणी मागे वळून बघत नव्हतं. तरी बस थांबली की हा थांबायचा, पाय टेकवायचा. पायाला सवयच लागली होती. भीमराजने हात करणंही हळूहळू सोडलं. रोज रोज कोण करणार?

शिमग्याला मायलेक एसटीने गावी गेली. देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्याने जयवंतचा नारळ हातात घेतला आणि खणखणीत आवाजात देवीला सांगितलं, "ह्या लेकरान नवी गाडी घेतल्यान हा, त्येचा रक्षण कर, पुढे बसतलो त्येचा आणि मागे बसतलो त्येचाय बरा कर!" 'व्हय म्हाराजा!' सगळे ओरडले. जयवंत सगळ्यांच्या वर ओरडला. आई चकित होऊन बघत राहिली, इतका आवाज या पोरात कुठे होता?

परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्याने स्कूटर पुसली. पुढच्या सीटचं कव्हर रोज बसून घासून फिकं पडलं होतं, मागचं तसंच मरून, लखलखीत. दुसऱ्या सकाळी तो चेकनाक्याला गेलाच नाही. सरळ अंधेरी स्टेशनबाहेर आला, जिथून एमआयडीसीच्या बसची रांग लागते. रांगेत क्षमा होती. हिरवी साडी, हातात पर्स, चेहरा तोच. जयवंतने स्कूटर कडेला लावली. एवढं धाडस त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"क्षमा," त्याने हाक मारली. "चला. मी सोडतो."

ती रांगेतून बाहेर आली. स्कूटरकडे बघितलं, मागच्या सीटकडे बघितलं.

"संपलं का रनिंग?" तिने विचारलं.

जयवंतचा हात ब्रेकच्या तारेकडे गेला.

"माझ्या भावाकडे स्कूटर आहे, जयवंत. रनिंग किती दिवस चालतं ते तो सांगतो मला. मी रोज स्टॉपवर उभी राहायचे. बस यायची, मागे तुम्ही. वाटायचं, आज म्हणतील. उद्या म्हणतील. तुम्ही नुसता हात वर करायचात." तिने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. "आणि गाडीत मला कधीच काही होत नव्हतं. गाडीने मी कितीतरी वर्षं जात होते."

"नारळ द्यायचा राहिला होता," जयवंत एकदम म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. बाबा, देवी, शिमगा, पहिली सवारी. एका दमात, धापा टाकत. आजूबाजूची रांग पुढे सरकत होती.

क्षमा ऐकत राहिली. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "मग हे सांगायचं ना मला! मी थांबले असते. नारळासाठी थांबायला मला काय जात होतं? आमच्याकडेसुद्धा भावाची स्कूटर आणली तेव्हा आधी देवळात नेली होती." तिने डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या. "घरी मी नाही नाही म्हणत होते. मग कशासाठी नाही म्हणते तेच मला कळेनासं झालं. माघात ठरलं माझं. वैशाखात लग्न आहे. मुलगा घाटकोपरचा."

"चांगला आहे?" जयवंतने विचारलं.

"चांगला आहे. खूप बोलतो."

मागून बस आली. क्षमा जायला वळली, मग परत फिरली आणि मागच्या सीटवरची धूळ तळहाताने पुसली. धूळ नव्हतीच. "कव्हर टिकेल म्हटलं होतं ना मी," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली. जयवंत त्या बसच्या मागे गेला नाही.

त्या दिवशी स्टोअरच्या खिडकीतून कोणी नट मागितले तर त्याने वॉशर दिले, कोणी वॉशर मागितले तर नुसता बघत राहिला. संध्याकाळी घरी आला तेव्हा आई तांदूळ निवडत दाराशी बसली होती, बाबांच्या स्टुलावर. तिने त्याच्याकडे बघितलं, मग स्कूटरकडे बघितलं. आईला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, कोण जाणे. पण देवळात तो का ओरडला हे तिने मनाशी जुळवलं असावं.

"बसली काय रे कोण?" तिने हळूच विचारलं.

"नाही."

"आता बसतली?"

"नाही, आये."

आईने सूप बाजूला ठेवलं. बराच वेळ ती पदराचं टोक पिळत बसली. जयवंत पायरीवर टेकला होता, बूटसुद्धा काढले नव्हते. त्याला रडू येत होतं आणि एवढ्या मोठ्या माणसाने चाळीच्या पायरीवर रडायचं कसं हे कळत नव्हतं.

"आये, तू चल," तो म्हणाला. "चल ना. तू बस."

"अरे, माझ्यासारखीन पयली—"

"तूच पहिली. बाबा बसणार होते ना मागे? मग त्यांच्या जागी तू. आणि दुसरी कोणी येणार नाही आता."

आई उठली. लुगडं सावरलं, देवाला हात जोडले, आणि एका बाजूला दोन्ही पाय टाकून त्या नव्याकोऱ्या सीटवर बसली. दोन्ही हातांनी तिने त्याचा शर्ट मागून मुठीत धरला. कितीतरी वर्षांनी आईचा हात त्याच्या पाठीला लागत होता. चाळीतली पोरं ओरडली, "परबकाकी स्कूटरवर!" आई लाजली. जयवंतने स्कूटर हायवेला काढली. ऊन उतरलं होतं. आई मागून एकेक गोष्ट विचारत होती, ह्या काय, ता काय, नॅशनल पार्काचा गेट हाच काय. इतकं ती वर्षभरात बोलली नव्हती. तोही सांगत होता.

आणि मग स्कूटर हळू झाली, कडेला गेली आणि थांबली. जयवंतने एक पाय रस्त्यावर टेकवला. समोर मागाठाण्याचा स्टॉप होता, खांब आणि त्यावरची पाटी. स्टॉपवर कोणी नव्हतं. पुढे बसही नव्हती.

आई थोडा वेळ वाट बघत राहिली. मग तिने त्याच्या खांद्यावरून डोकं पुढे काढलं.

"हंय कित्याक थांबलंस रे?"

"बस थांबते इथे," जयवंत म्हणाला.

"पण झिला," आई म्हणाली, "आपण बसमध्ये खंय आसंव?"